चार दिवसांची गोळी

"सलाईन नाही लावत तं कायचा दवाखाना हाय हा?"

चंद्रभानजी कुरकुरले, तेही गोदाबाईच्या अगदी कानाशी. नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे तिचे भासरे. चाळीस वर्षांत तिनं त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. बाईनं भासऱ्यांसमोर बोलायचं नसतं, आणि भासऱ्यांनी तर गप्प बसायचंच नसतं.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात तिचा नवरा पुंजाराम खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं केलं की गुदमरे. पायाला बोट दाबलं तर खड्डा तसाच राही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, अन् छातीत शिट्ट्या.

डॉक्टर आकांक्षा पोरगेलीशी, पण घाईतही नीट विचारणारी. "आधी कधी दमा होता? हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना सगळ्या? अंगातलं पाणी काढणारी लघवीचीही?"

पुंजारामला बोलवत नव्हतं. बोलायला चंद्रभानजी होते. गावाकडे तेल्हाऱ्यात कोणाच्या म्हशीचं पोट फुगलं तरी इलाज यांनाच ठाऊक.

"सगळ्या टायमावर, मॅडम. घरच्या लग्नातली धूळ लागली त्याले. अशक्तपणा हाय. दोन बाटल्या लावा, उठून बसते."

"बसलेलेच आहेत ते," डॉक्टर म्हणाली. "छातीत पाणी दिसतंय. पण गोळ्या चुकल्या नाहीत तर हे एकाएकी कशानं झालं? नवा अटॅक, की निमोनिया? सगळंच शोधत बसावं लागेल. आणि तेवढा वेळ यांच्याकडे नाही."

गोदाबाईनं लेकाकडे पाहिलं. गोपाल फरशीकडे पाहत होता. चांगला दोन लेकरांचा बाप, पण काकासमोर त्याच्या जिभेलाही पदरच होता.

मग तिनं भासऱ्यांकडे पाहिलं. खांद्यावर अजून लग्नातला मानाचा दुपट्टा. भाऊ माशासारखा तोंड उघडून श्वास ओढतोय, अन् हे त्याच्या घड्या नीट करून राहिले. या माणसासमोर आपण चाळीस वर्षं मान खाली घातली? दुपट्ट्यासमोरच घातली म्हणायची.

पुंजारामचे ओठ निळसर झाले. त्यानं तिचा हात चाचपला.

गोदाबाई पुढं झाली. पदर डोक्यावर तसाच होता.

"मॅडम, याहिची लघवीची गोळी चार दिवस झाले बंद हाय. मांडवात घडीघडी उठनं बरं दिसत नाही म्हनून भासऱ्यायनं बंद कराले लावली. अन् काल गावात दोन सलाईन चढवल्या. त्याबी भासऱ्यायनंच."