अकराच्या दोन वाटा

मी एक जुना सागवानी फासा आहे. मित्रांनो, स्वतःविषयी बोलायला बसलं की जो तो आधी आपली थोरवी सांगतो. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तिची मला आजही लाज वाटते.

हडपसरच्या मच्छिंद्र सुतारांनी मला आणि माझ्या भावाला एकाच फळीतून कापलं. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या श्यामलाबाईंनी आम्हाला विकत घेतलं. दोन वर्षांत माझ्या एका ठिपक्याच्या बाजूला कीड लागून भोक पडलं आणि बाईंनी मला दुरुस्तीला परत पाठवलं. मच्छिंद्रांनी त्या भोकात शिशाचा तुकडा ठोकून बसवला, वरून रंग फिरवला आणि बाईंना काही सांगितलं नाही. तेव्हापासून ती जड बाजू बहुतेक वेळा खाली जाई आणि तिच्या समोरचे माझे सहा वर येत. मुली टाळ्या वाजवत. मी फुशारून जाई. हे कौतुक माझं नसून पोटातल्या शिशाचं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मला ते गोड लागे.

१९६४ साली आठवीत धायरीची प्रेमला होती. सोमवारी विषयांचा फॉर्म भरायचा होता: बीजगणित-भूमिती घ्यायची की साधं गणित. तिचे वडील हिंदुराव शेतकरी माणूस. बाई हो म्हणाल्या तरच मोठं गणित घे, असं त्यांनी तिला बजावलं होतं. आणि बाई शनिवारच्या तासाला मुलींची पारख करणार होत्या.

त्या तासाला बाईंनी आम्हा दोघांना टेबलावर ठेवून विचारलं, दोन्ही फाशांची बेरीज अकरा जास्त वेळा येईल की बारा? मग स्वतःच सांगितलं की अकरा म्हणजे पाच आणि सहा, बारा म्हणजे सहा आणि सहा, दोन्हींची जोडी एकेकच, म्हणून दोन्ही सारख्याच वेळा येणार. प्रेमला उभी राहिली.

"बाई, ह्या फाशावर पाच आन् त्या फाशावर सहा, ही एक वाट. उलटं झालं की दुसरी. अकराला दोन वाटा हायेत, बाराला एकच."

"पाच-सहा काय नि सहा-पाच काय, बेरीज बदलते का?" बाई म्हणाल्या. "आपण मोजूनच बघू, म्हणजे तुमचं समाधान होईल."

प्रेमलाने आम्हाला शंभर वेळा टाकलं. अकरा नऊ वेळा आली. बाराही नऊ वेळा आली. सगळा वर्ग हसला. माझे सहा जवळजवळ ठरलेले, मग भावाचे पाच आले की अकरा आणि सहा आले की बारा; अकराची दुसरी वाट मीच बंद केली होती. माझे सहा जरा कमी पडले असते, तर ती जिंकली असती. मी मात्र सवयीने पडत राहिलो. प्रेमला खाली मान घालून बसली आणि सोमवारी तिने फॉर्मवर साधं गणित लिहिलं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या वर्गात मी लागोपाठ पाच वेळा सहा दाखवले. बाईंना शंका आली. त्यांनी केसांतल्या आकड्याने माझा रंग खरवडला आणि आतलं शिसं दिसलं. त्यांनी दुसरा, निर्दोष फासा आणला, दोघे वेगळे ओळखू यावेत म्हणून त्याला तांबडा रंग दिला आणि माझ्या भावाबरोबर तीनशे वेळा टाकला. अकरा बाराच्या जवळजवळ दुप्पट वेळा आली. प्रेमलाचा विषय बदलता येईल का, हे विचारायला त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. पण फॉर्म केव्हाच पुढे गेले होते, आता बदल होणार नव्हता. मग त्या प्रेमलाच्या वर्गात आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "प्रेमला, तू बरोबर होतीस. फासा खोटा होता, आणि मीही चुकले."

प्रेमला उभी राहिली. "मला ठावं होतं, बाई," ती म्हणाली. "पर शंभरदा मोजल्यावर मलाच माझं खरं वाटंना."

मित्रांनो, मोजण्याच्या वस्तू अधूनमधून तपासत जा. आमच्यात खोट निघाली तर ती रंगाखाली लपवू नका. आणि एखादी मुलगी उभी राहून आपलं गणित मांडत असेल, तर आम्हाला हातात घेण्याआधी तिचं म्हणणं नीट ऐकून घ्या. त्या दिवशी वर्गात खरं एकटी तीच बोलत होती, आणि तिला खोटं मी पाडलं.