नाका उठला त्या दिवशी

फळमाशीचा नायनाट झाल्याचं सकाळी जाहीर झालं आणि नाक्यावरचा आडवा दांडा कायमचा वर गेला. आता इथली फळं खुशाल बाहेर जाणार होती. तरी गाड्या सवयीने थांबतच होत्या. "जा हो, जा!" असं ओरडून तपासनीसाचा घसा बसला. एवढे दिवस लोकांच्या पिशव्या उपसल्या आणि आज त्यांनाच हाकलतोय, याची त्याची त्यालाच गंमत वाटत होती.

दुपारच्या बसमधून त्याच्या सासूबाई उतरल्या. हातात पेरूंची पिशवी.

पेरू बघून त्याला ती जुनी पिशवी आठवली. बंदी नवी होती तेव्हा बायकोला दिवस गेले होते, तोंडाची चव गेली होती, पेरूवाचून काही नको म्हणत होती. सासूबाई परसातले पेरू घेऊन लेकीकडे निघाल्या. त्याने सगळ्या बसदेखत पिशवी काढून घेतली. वर "जावई घरी, इथे नाही," असं ऐकवलंही. त्या आल्या पावली परतल्या. पुढे नात झाली, चालायला लागली, पण सासूबाईंनी त्याच्या घरचा उंबरा शिवला नाही. लेकीनेच नातीला घेऊन माहेरी जावं.

"घ्या जावईबापू, तपासा," पिशवी पुढे करत त्या म्हणाल्या.

"आता लागत नाही, आई. बंदी उठली."

"मला लागतं. कापा."

त्याने सुरी काढली. हाताच्या वळणानेच पातळ फोडी पडत गेल्या. अळी नाही, डाग नाही. बसमधली माणसं माना बाहेर काढून बघत होती.

"आणि त्या दिवशीच्यात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "होती का हो अळी?"

'होती' म्हटलं की सगळं मिटणार होतं. ते पेरू त्याने एकट्यानेच कापले होते. खोटं पाडायला कुणी नव्हतं.

"नव्हती," तो म्हणाला. "एकातही नव्हती."

सासूबाई फोडींकडे बघत राहिल्या. "खोटं बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं."

"मलाही."

"पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"पिशवी काढून घेईन. पण तसं बोलणार नाही."

कंडक्टरने घंटी मारली. त्यांनी एक फोड त्याच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या तोंडात टाकली.

"गोडीला कमीच आहेत यंदा. घरी कधी येता?"

"इथे कुलूप लावलं की निघतोच."

"या मग. मी लेकीकडेच असेन," म्हणत त्या बसमध्ये चढल्या.