काळी चार

भोईवाड्यात जयंतीच्या कार्यक्रमात शैलाचं गाणं नाही, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. नवरा आनंदा पेटीवर, शैला पुढे. तिची पट्टी उंच, पेटीची काळी चार. अंतऱ्याला आवाज असा चढायचा, की खिडक्यांतून माणसं बाहेर डोकवायची.

थायरॉईडची गाठ काढली आणि ते गेलं. बोलणं पूर्वीसारखंच, वरचा सूर मात्र लागेना. डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. "इथे पुढे एक छोटा स्नायू असतो. तो आवळला की स्वरतंतू ताणले जातात, आवाज चढतो. त्याची नस धाग्याएवढी बारीक. ऑपरेशनमध्ये दुखावली असणार."

"परत येईल?"

"वर्ष होत आलं. आता अवघड आहे. खालच्या पट्टीत गा."

जयंतीच्या आदल्या दिवशी तिनं आनंदाला विनवलं, "अहो, उद्या काळी दोन धरा. तेवढं जमतं मला."

"बरं," तो म्हणाला.

मंचावर त्यानं काळी चारच धरली. शैलानं दचकून वळून पाहिलं. तो पेटीकडे बघत राहिला. समोर गर्दी जमलेली. धृपद तिनं कसंबसं ओढलं. अंतऱ्याला आवाज फाटला, मग नुसती हवा. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी "म्हातारी झाली रे!" म्हणून ओरडलं. आनंदाची भाची नम्रता दुसरा माईक घेऊन उभीच होती. तिनं तीच ओळ उचलली, बिनचूक. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर शैलानं विचारलं, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

आनंदा शर्ट काढत होता. "लोकांनी आपल्या कानांनी ऐकलं ते बरं झालं. नाहीतर बायकोला गाण्यातून का काढलंस म्हणून मलाच विचारत बसले असते."

"नम्रताला माहीत होतं?"

"मंचावर नेसायला तिला नवी साडी कुणी घेऊन दिली मग?"

शैला त्या रात्री जेवली नाही. त्यानं आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी नम्रता आली. "मामी, त्या अंतऱ्यातली सुरांची हरकत दाखव ना. माझी नीट बसत नाही."

"दाखव की," आनंदा म्हणाला, "नुसती बसून काय करणारेस?"

शैलानं हातानं, बोटांनी, खालच्या सुरात ती जागा समजावली. आनंदानं पेटीवर साथ धरली. तिसऱ्या खेपेला पोरीला जमली. ऐकताना शैला नकळत बरोबर गुणगुणू लागली.

आनंदानं पेटी थांबवली. "तू गप्प बस गं. पोरीचा सूर बिघडेल."