काकूंना स्टोव्हची भीती वाटते

दुकानात शिरताना काकूंच्या काखोटीला भलंमोठं पातेलं होतं आणि मागे काका होते. पातेलं अशासाठी की, वीस जणांचा भात ज्यात शिजतो ते ज्याच्यावर डगमगणार नाही असाच स्टोव्ह घ्यायचा, हे काकूंनी ठरवलं होतं. आणि काका अशासाठी की, ते नसते तर या सगळ्या खटाटोपाला काही अर्थच नव्हता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

डोंगर भटकणाऱ्या एका गटाचा स्वयंपाक काकूंकडे होता. मागच्या मुक्कामाला गटाच्या जुन्या पंपाच्या स्टोव्हचा बर्नर फुटला, तेव्हा गटाच्या म्होरक्या असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, आता बटणाचा गॅस घ्या बघू. टक् केलं की पेटला! काकांचे हाल तरी थांबतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनीही डोलावली. काकूंनी मात्र डोलावली नाही.

काकांचा सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. डोळे थकले तसं दुकान बंद केलं आणि ते खिडकीशी बसले ते बसलेच. दिवसाकाठी तीन शब्द बोलायचे: 'हो', 'नको' आणि 'बघू'. चार माणसांत जायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. म्हणून पहिल्या सहलीच्या वेळी काकूंनी ठोकून दिलं होतं, "मी स्वयंपाकाला हो म्हणून बसले, पण मला त्या पंपाच्या स्टोव्हची भीती वाटते हो. तुम्ही आला नाहीत तर सगळे उपाशी राहतील."

शुद्ध थाप! काकूंच्या माहेरी खानावळ होती. फ्रॉकच्या वयापासून त्यांनी असे स्टोव्ह पेटवले होते, एका हाताने पंप आणि दुसऱ्या हाताने धाकट्या भावाची शेंडी धरून. पण लग्नानंतर घरात गॅसच होता, तेव्हा हे काकांना कळायचं काही कारण नव्हतं. ते बिचारे आले.

आणि आले म्हणजे काय, खुलले! मुक्कामाला ते स्टोव्ह पुढ्यात घेऊन बसायचे, पिनने भोक साफ करायचे, घड्याळाला लावावा तसा त्याला कान लावायचे. तो तापेपर्यंत गारठलेली मंडळी भोवती उकिडवी बसायची. मग काका बोलायचे. बर्नरवरून घड्याळांवर यायचे, घड्याळांवरून गिऱ्हाइकांवर. एकदा तर चक्क गाणं म्हणाले. काकू पाठमोऱ्या बसून कांदे चिरत सगळं ऐकायच्या. नवऱ्याचा आवाज ऐकायला बाईला डोंगर चढावा लागतो, याचं त्यांना हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. आता तेवढंही त्या मेल्या बटणाने हिरावून घ्यायचं ठरवलं होतं.

दुकानदाराने पहिला दाखवला तो दोन शेगड्यांचा चपटा गॅस. टक्. पेटला.

"भडक दिसतो," काकू म्हणाल्या.

"काकू, दागिना घ्यायचाय का स्टोव्ह?" दुकानदार हसला. दुसरा काढला. उंच पायांचा, एकाच मोठ्या शेगडीचा. टक्. पेटला. काकूंनी वर पातेलं ठेवून त्याला असा काही धक्का दिला की ते हललंच.

"बघा. भात सांडेल."

"अगं, तू ढकललंस की," काका म्हणाले.

"वारा काय कमी ढकलतो?"

काकांनी पहिल्याच्या बटणावरून बोट फिरवलं. "चांगला आहे गं हा. आता तुला एकटीला जमेल. माझी लुडबुड कशाला?"

ते हे दुःखाने म्हणाले नाहीत, अगदी साधेपणाने म्हणाले, म्हणून काकूंना जास्तच लागलं. या माणसाला खिडकीशी परत जायचं आहे आणि आपण काहीच करू शकत नाही, असं त्यांना वाटलं. चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी मान वर केली, तर वरच्या फळीवर धूळ खात पडलेला पंपाचा स्टोव्ह दिसला. बुटका, रुंद पायांचा.

"तो काढा."

"तो कुणी घेत नाही हो. पेटवायची कटकट."

"काढा म्हणते ना!"

मागच्या अंगणात दुकानदाराने स्टोव्ह मांडला. काका पातेलं भरून आणायला नळावर गेले. दुकानदाराला घाई होती. त्याने बर्नर पुरता तापू दिला नाही, किल्ली आवळली आणि भसाभस हवा भरली. पिवळा जाळ भस्सकन वर उठला आणि शेजारी वाळत टाकलेल्या तंबूकडे झेपावला. दुकानदार ओरडून मागे सरला.

काकू मागे सरल्या नाहीत. खानावळीतला हात, तो कुठे विचारायला थांबतो! त्यांनी किल्ली सैल करून हवा सोडली, पायाने तंबू बाजूला सारला, जाळ बसू दिला. स्टोव्ह निवला तसं बर्नरखालच्या वाटीत पुन्हा थोडं स्पिरिट ओतलं, काडी लावली आणि बर्नर तापेपर्यंत थांबल्या. ज्योत मरायला टेकली तशी त्यांनी किल्ली आवळून हळूहळू पंप मारला. स्टोव्ह घुमू लागला. जाळ निळाशार, काठोकाठ गोल.

"वा!" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि मागे वळल्या.

भरलेलं पातेलं धरून काका उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. पाणी त्यांच्या चपलांवर सांडत होतं.

बिंग फुटलं होतं. काकूंच्या हातात काडेपेटी तशीच होती. "हे... आपोआपच पेटलं," त्या म्हणाल्या.

काकांनी पातेलं स्टोव्हवर ठेवलं. ते जरासुद्धा हललं नाही. मग वाकून जाळाकडे नीट बघितलं, घड्याळाच्या पोटात बघायचे तसं. "इतका निळा," ते हळूच म्हणाले, "मला एकदाही जमला नाही."

काकूंना वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा कधी यायचा नाही.

तेवढ्यात दुकानदाराला वाचा फुटली. "काकू तर वस्ताद निघाल्या! यांना पेटवायला कुणाची गरजच नाही."

"छे, छे," काका म्हणाले. "तिला स्टोव्हची फार भीती वाटते. पहिल्यापासून." त्यांनी काकूंच्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "हाच बांधून द्या."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि वर रॉकेलच्या वासाला बोल लावला.

स्टोव्हचं खोकं काकांनी उचललं, काकूंना हात लावू दिला नाही. दाराशी येऊन ते थांबले आणि आजवर एकदाही विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी कधी निघायचंय आपल्याला?"

"पहाटे," काकू म्हणाल्या. "आणि उशीर करू नका. स्टोव्ह कोण पेटवणार?"