मला परत शिवू नका

मित्रांनो, मी एक जुनी बाही आहे. शर्ट नव्हे, फक्त बाही. तीही डावी. अख्ख्या शर्टाची कहाणी ऐकायची तुमची अपेक्षा असेल तर माफ करा. शर्टालाही बोलावलं होतं, पण तो धुवायला गेला आहे.

माझा जन्म एका निळ्या, जाड, सुती ताग्याच्या शेवटच्या टोकाला झाला. आधी पाठ कापली, मग पोट, मग कॉलर, आणि उरलेल्या कापडात आम्हा दोघी बहिणींची सोय लावली. उजवीविषयी मी फार बोलणार नाही. ती सही करणाऱ्या हाताची बाही होती आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

ज्या मुलीने आम्हाला विकत घेतलं तिला घरी भुंगा म्हणत. काम करताना ती सतत गुणगुणायची आणि त्या आवाजाचा गाण्याशी काडीचाही संबंध नसायचा. दुकानात लोक रंग बघतात, भाव बघतात. भुंग्याने फक्त माझी लांबी बघितली. मी तिच्या मनगटाच्याही पुढे, अंगठ्याच्या मुळापर्यंत पोहोचले. "हाच," ती म्हणाली. माझी छाती अभिमानाने फुलली. बाहीला छाती नसते, तरी फुलली. मला वाटलं, मी देखणी आहे.

मी देखणी नव्हते. मी लांब होते. हे मला हात आत आल्यावर कळलं.

भुंग्याच्या डाव्या हातावर जुने व्रण होते. ते मांजराने केले नव्हते, फुटक्या काचेने केले नव्हते आणि सायकलवरून पडूनही झाले नव्हते. ही तिन्ही कारणं तिने वेगवेगळ्या लोकांना दिली होती, आणि कोणाला कोणतं दिलंय हे ध्यानात ठेवण्यात तिचं निम्मं डोकं खर्ची पडत असे. शेजाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे त्या घरात एक महाभयंकर मांजर होतं. ते कधी कोणाला दिसलं नाही, पण लोक आपल्या लहान मुलांना त्या घराच्या फाटकापासून लांब ठेवत.

व्रण तिने स्वतःच केले होते. शाळेच्या शेवटच्या वर्षांत मनातलं ओझं कोणापाशी उतरवावं हे तिला कळत नव्हतं, तेव्हा. तिला वाटलं होतं, हे तेवढ्यापुरतं आहे. मित्रांनो, मी त्या हाताची रोजची सोबतीण होते, माझं ऐका. तेवढ्यापुरतं असं त्यात काही नसतं. पुढे आईच्या लक्षात आलं, आई तिला दवाखान्यात घेऊन गेली, तिथल्या समुपदेशक बाईंकडे भुंगा बोलू लागली, आणि हळूहळू ते थांबलं. मी आले तेव्हा थांबून बराच काळ लोटला होता.

थांबलं, पण फिटलं नव्हतं. थंडीत व्रण आवळून येत, उन्हात खाजत. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. आतली नस दुखावली आहे, ती पूर्ववत होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कोणी प्रेमाने जवळ आलं तरी तिचा डावा हात आधी पाठीमागे पळे. तिला पोहायची भारी हौस. पण तलावावर गेली की ती काठावर बसून मैत्रिणींचे टॉवेल सांभाळायची. टॉवेल सांभाळण्याची स्पर्धा असती तर तिला सुवर्णपदक मिळालं असतं, आणि ते घ्यायलाही ती लांब बाहीतच गेली असती.

मग ती शिवणकाम शिकायला आत्याकडे राहायला आली. निघताना आईने बजावलं, "आत्याला यातलं काही सांगू नकोस हं. तिच्या पोटात काही राहत नाही."

हे अगदी खरं होतं. आत्याचं शिवणाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांच्या कमरेची मापं ती पोस्टमनला सांगत असे. पोस्टमनने कधी विचारलं नव्हतं.

आत्याची आणखी एक खोड होती, आणि तिची भुंग्याला कल्पना नव्हती. उकाडा सुरू झाला की आत्या दिसेल ती लांब बाही कापून अर्धी करायची. न विचारता. तिच्या मते ही समाजसेवा होती. दुकानात इस्त्री करणारे एक काका होते. आत्याशी त्यांचं जन्मात पटलं नाही आणि ते जन्मात दुसरीकडे गेले नाहीत. आदल्या उकाड्यात तिने त्यांचाही कपडा अर्धा केला होता.

"अहो, तो कोट होता," काका म्हणाले होते.

"मग आता वारा लागेल," आत्या म्हणाली होती.

काका तो अजून घालतात.

तर एका सकाळी भुंगा आंघोळीला गेली असताना आत्याने दोरीवरचे तिचे तिन्ही शर्ट उचलले आणि कात्री चालवली. माझा वरचा चार बोटांचा तुकडा शर्टाकडे राहिला. पण बहुमताने बाही मीच, त्यामुळे आठवणी माझ्याकडे आल्या.

नेमक्या त्याच दिवशी तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाचं माप द्यायला येणार होत्या. आणि आत्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं, "आज माप तू घ्यायचंस. जमलं तर उद्यापासून पुढच्या टेबलावर तू." भुंगा त्या टेबलाची आल्यापासून वाट बघत होती.

ती बाहेर आली तेव्हा अंगात आत्याने दाराआडून दिलेला दुसरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि डाव्या हाताभोवती टॉवेल होता.

"आत्या, माझे शर्ट!"

"बघ ना, कसे सुटसुटीत झाले! तिन्ही केले. आभार नंतर मान, आधी चहा घे."

भुंग्याने चिंध्यांच्या टोपलीतून मला उचललं आणि मशीनपाशी नेलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मुख्याध्यापिका यायच्या आत बाही जोडून झाली तर राहायचं. नाही तर बॅग भरायची आणि घर गाठायचं. टेबल गेलं खड्ड्यात. तिने टॉवेल तसाच ठेवून मला माझ्या शर्टाला उरलेल्या तुकड्याशी भिडवलं आणि भराभरा टाचण्या लावायला घेतल्या.

आत्या चहा घेऊन आली आणि किंचाळली.

"अगं ए, टाचणी!"

"कुठे?"

"बोटात! तुझ्या बोटात!"

भुंग्याने खाली पाहिलं. घाईत तिने मला स्वतःच्या करंगळीलाच टाचलं होतं.

"हो की," ती म्हणाली.

आत्याने टाचणी उपसली. "दुखत नाही तुला?"

"नाही."

"अगं, पण का नाही दुखत?"

मित्रांनो, मला वाटलं आता मांजर येणार. तिने तोंडही उघडलं. मग मिटलं. मग तिने टॉवेल सोडला.

"हे मी केलंय, आत्या. स्वतः. शाळेत असताना. आता नाही करत. पण हात असाच राहिलाय, आणि ती दोन बोटं अशीच."

आत्या गप्प बसली. दुकानात इतकी शांतता कधीच झाली नव्हती. काका इस्त्री उचलून धावत आले.

"बाई ठीक आहेत ना? आवाज का बंद झालाय?"

"तुम्ही जा हो," आत्या म्हणाली. तिने भुंग्याला जवळ घेतलं. डावा हात पाठीमागे पळाला, तसा तिने तोही हळूच पुढे आणून आपल्या हातात धरला. "माझ्या बाळा. आणि मी मेलीने विचारलंही नाही, बाही का हवी होती ते. दे इकडे. तिन्ही जोडून देते. अशी टीप मारते की भिंग लावून जोड दिसणार नाही."

ती सुईत दोरा ओवायला बसली. डोळे भरल्यामुळे दोरा सुईच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला, नेढं सोडून सगळीकडून गेला.

भुंगा माझ्याकडे बघत होती. मी टेबलावर सपाट पडले होते, आणि खरं सांगू का, मला परत जायचं नव्हतं. तिलाही कळलं असावं.

"राहू दे, आत्या. नको जोडूस."

"म्हणजे?"

"मला कंटाळा आलाय. कोणाला काय सांगितलं ते पाठ करायचा. त्या मांजराचा तर वीट आलाय. मला पोहायचंय."

"अगं, लोक विचारतील."

"विचारू देत. हात माझा आहे. उत्तर द्यायचं की नाही हेही माझंच. आणि तू कोणाला सांगायचं नाहीस."

"मी? मी कधी कोणाला काय सांगते?" आत्या मनापासून दुखावली. मागे काकांना जोराचा खोकला आला.

मुख्याध्यापिका आल्या. भुंगा टेप घेऊन पुढे झाली. डावा हात पाठीमागे पळायला निघाला, पण तिने तो पुढेच ठेवला. बाईंनी बघितलं.

"अगंबाई! हे काय गं? मांजर का?"

"नाही मॅडम, आमच्याकडे मांजर नाही. जुने व्रण आहेत. तेव्हा माझं मन आजारी होतं. त्याविषयी मला आत्ता बोलायचं नाहीये. हात वर करा."

बाईंनी हात वर केले. "पण तरी, इतक्या लहान वयात असं काय झालं की—"

आत्याने दुसरा टेप त्यांच्या छातीभोवती टाकला. "श्वास रोखून धरा हं, मॅडम."

बाईंनी धरला. आत्याने ते एक माप घ्यायला इतका वेळ लावला की बाईंचा रंग कोटाच्या कापडाशी जुळू लागला. सोडल्यावर त्यांनी फक्त खिसे किती हवेत ते सांगितलं.

दुपारी पोस्टमन आला. आत्याने तोंड उघडलं, भुंग्याकडे पाहिलं, आणि त्याला मुख्याध्यापिकांच्या कमरेचं माप सांगितलं. भुंग्याची गोष्ट तिच्या पोटात राहिली. अजून आहे.

त्या संध्याकाळी बॅग भरली गेली नाही. दुसऱ्या सकाळी भुंगा पुढच्या टेबलावर बसली.

आणि मी? माझ्यात चिंध्या ठासून भरल्या, दोन्ही तोंडं शिवली आणि माझी इस्त्रीची गुंडाळी केली. इतरांच्या बाह्या फुगवून नीट इस्त्री करता यावी म्हणून काका मला त्यांच्या आत घालतात. बाहीच्या आत बाही. माझ्या खानदानात हे पूर्वी कोणी केलेलं नाही.

पण सगळं गोडीगुलाबीने संपलं असं मी म्हणणार नाही. व्रण आहेत तिथेच आहेत. बोटं अजून बधिर आहेत, म्हणून गरम इस्त्रीला भुंगा डावा हात लावत नाही. ती पोहायला गेली तेव्हा लोकांनी टक लावून पाहिलं. तिने पाण्यात उडी मारली. टॉवेल सांभाळायला आत्या होती. तिने तो तलावात पाडला. घरी येऊन भुंगा पुष्कळ रडली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. काही दिवस अजूनही काळे उगवतात. मग ती म्हणते, "आत्या, आज बटणं." आत्या हातातलं काम टाकते, बटणांची मोठी बरणी उपडी करते, आणि दोघी रंग वेगळे करत बसतात, बोलत किंवा न बोलता. समुपदेशक बाईंकडेही ती जाते. सांगून जाते. हे कमी आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्याने माझ्याकडे येऊन श्वास रोखून धरावा.

मित्रांनो, लांब बाही घालणं हा गुन्हा नाही. ज्याला झाकायचंय त्याने खुशाल झाकावं, आणि दुसऱ्याची बाही कोणी ओढून बघू नये. पण बाहीला सगळं सांगून मोकळं व्हायला जाऊ नका. मी इतकी वर्षं त्या हाताला चिकटून होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि मी एका शब्दाने तिला विचारू शकले नाही. आमच्या धंद्यात तोंडाला कफ लावून वर बटण घालतात. तुमच्या मनात स्वतःला दुखवायचं येत असेल, तर ज्याला तोंड आहे आणि कान आहेत अशा माणसाला आजच सांगा. त्याने नीट ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारा सापडेपर्यंत हट्ट सोडू नका. तुमचा हात तुम्हाला आयुष्यभर पुरवायचा आहे. त्याच्याशी भांडून चालणार नाही.

आता थंडी पडली आहे. काकांनी नुकतंच मला एका कोटातून बाहेर काढलं, मी अजून गरम आहे. भुंगा पुढच्या टेबलावरून उठून आली आहे, आवळलेला हात माझ्यावर टेकवून उभी आहे आणि भयानक बेसूर गुणगुणते आहे. बाहेरून जाणाऱ्याला काचेतून सगळं दिसतंय: हात, व्रण, मी.

दिसू दे.