दाराजवळच्या दोन टाक्या

"चूक ताईची आहे. उद्यापासून हे काम दुसरं कोणीतरी करेल," सरांनी अख्ख्या प्रयोगशाळेसमोर सांगून टाकलं. तीन वर्षांची मेहनत, प्रबंध, सगळं पाण्यात! ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काम तसं सरळ होतं. माशाच्या डोळ्यात मागे एक पातळ पडदा असतो. उजेड पडला की त्यात डोपामाइन नावाचं रसायन वाढतं, अंधारात कमी होतं. म्हणून मासे आधी दोन तास मिट्ट अंधारात ठेवायचे, मग पडदा काढून मोजायचं. त्या अंधाऱ्या खोलीत जाताना ताई मनगटावरचं घड्याळसुद्धा काढून ठेवायची, कारण त्याचे काटे चमकतात. आणि आरोप काय, तर म्हणे अंधारातल्या माशांत डोपामाइन वाढलंय, म्हणजे हिनेच उजेड येऊ दिला! काय म्हणावं या माणसाला?

रडत बसण्याऐवजी तिने आकडे टाकीनुसार आणि वारानुसार लावले. सहा टाक्या. डोपामाइन वाढलेले मासे सगळे दाराजवळच्या दोन टाक्यांतले, तेही फक्त मंगळवारचे.

"मामा, मंगळवारी काय असतं हो?" तिने टाक्या घासणाऱ्या मामांना विचारलं.

मामा चाचरले. "माझं नाव घेऊ नकोस, पोरी. तू जेवायला गेलीस की सर पाहुण्यांना आणतात. दार उघडतात आणि म्हणतात, 'बघा, केवढा अंधार!'"

अंधार दाखवायला दार उघडतात! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, ताईला कळेना.

ती तडक सरांच्या खोलीत गेली आणि आलेख टेबलावर आपटला. "मंगळवारी दुपारी दार कोण उघडतं, सर?"

सरांनी आलेख बाजूला सारला. माफी? छे! "बरं, त्यात एवढं काय? काम ठेव तुझ्याकडेच. त्या दोन टाक्या वगळ म्हणजे झालं."

"मासे बरोबर होते, उजेड आत आला तेच त्यांनी दाखवलं. त्यांना का वगळू? सगळ्यांसमोर बोललात ना, आता सगळ्यांसमोरच मागे घ्या."

सरांनी सगळ्यांसमोर ते मागे घेतलं, पण खाली मान घालून, पुटपुटत.

पुढच्या मंगळवारी ताई डबा घेऊन त्या दारालाच पाठ लावून बसली. सर पाहुण्यांना घेऊन आले आणि सवयीने त्यांचा हात कडीकडे गेला. ताई जागची हलली नाही.

"आत अंधार आहे," ती म्हणाली. "मी सांगतेय ना."