उघडी राहिलेली झडप

"गाळात बसलीय माझी बोट! पार कलंडलीय!" डोनल फोलीने सायकल गवतात टाकली आणि धापा टाकत तो काठाशी आला. "बोरिस गावच्या लॉकची खालची झडप कुणीतरी उघडी टाकून गेलंय. वरचं दार आधीच गळकं. वरच्या बाजूचं सगळं पाणी उतरलं की! इथून कुणी वर गेलं का?"

मॅलकी ब्रॉफीने हातातलं सँडविच खाली ठेवलं. तो आणि त्याची बायको डिम्फना मोटरबोटीने ग्रेगला, घरी निघाले होते. बोरिसचं लॉक ओलांडल्यावर जेवायला म्हणून काठाला थांबले होते. दोन दारांमधल्या दगडी हौदात बोट घ्यायची, हँडल फिरवून झडप उचलायची, पाणी उतरलं की खालचं दार उघडून बाहेर पडायचं आणि जाताना सगळं बंद करायचं. एवढं साधं काम लोकांना जमत नाही, यावर मॅलकी आयुष्यभर चिडत आला होता. दूधसंघाच्या बॉयलरवर त्याने नोकरी केली, पण नदीवर त्याची खरी ओळख होती ती या चिडण्याची. ग्रेगच्या पबमध्ये लोक त्याला मुद्दाम चावी द्यायचे.

"भाड्याच्या बोटीवाले असणार," तो गरजला. "कप्तानाची टोपी तेवढी आणतात, अक्कल डब्लिनलाच ठेवतात. सापडू दे ते गाढव, टाळकंच शेकतो त्याचं."

"पण आज वरून तुमच्याशिवाय..." डोनल बोलता बोलता थांबला. वाक्य कुठे चाललंय हे त्याला जरा उशिराच कळलं.

आणि खालून वर गेलेलं तर या दोघांनीही कुणाला पाहिलं नव्हतं.

"मीच ते गाढव," डिम्फना म्हणाली. थर्मासचं झाकण लावताना तिने मान वर केली नाही. "याची कंबर धरलीय. आज झडपा मी केल्या. राहिली असेल माझ्याच हातून."

डोनलचा जीव भांड्यात पडला. "असं होय! मॅलकी, घरातच निघाला की हो चोर! आता शेका टाळकं!" तो मनापासून हसला. झडप आपण पाडून बंद केलीय, संध्याकाळपर्यंत बोट तरंगेल, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका, असं डिम्फनाला सांगून तो सायकलवर बसला. आज रात्री पबमध्ये हा किस्सा रंगणार होता, आणि तो डिम्फनाचा असणार होता.

तिला तेच हवं होतं. ईस्टरपासून ती त्याचं विसरणं बघत होती. किटली फ्रिजमध्ये सापडली. चर्चमध्ये सगळे बसले आणि हा उभाच राहिला. वॉटरफर्डला राहणाऱ्या लेकीलाही तिने काही सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटत होती. आजाराचं काय, तो आज ना उद्या कळणारच. पण ज्या माणसाने नदीभर लोकांना झडपांवरून झाडलं, त्याच्याचकडे लोकांनी कीव करून बघावं, हे तिला सोसणारं नव्हतं.

बोट निघाली.

"माझी कंबर ठणठणीत आहे," मॅलकी म्हणाला.

"बरं."

"तू कधी झडपेला हात लावलायस? लग्न झाल्यापासून?"

"लावू दिलायस का कधी?"

तो हळूच म्हणाला, "मी पाडली होती, डिम्फना. मला आठवतंय. खाली येताना तिचे दाते करकरतात, तो आवाजसुद्धा आठवतोय."

"आठवत असेलच. तीच झडप किती वेळा पाडलीयस तू."

"पण आज नाही."

यावर खोटं बोलणं तिला सहज जमलं असतं. "आज नाही," ती म्हणाली.

पुढचं लॉक आलं. सवयीप्रमाणे मॅलकी हँडल घेऊन उठला, एक पाय काठावर ठेवला आणि तसाच थांबला. मग त्याने हँडल तिच्या हातात दिलं आणि सुकाणूपाशी तिच्या जागेवर जाऊन बसला. ती जागा त्याला जरा अडचणीची झाली.

बोट हौदात आल्यावर डिम्फनाने काठावरून पाठ लावून वरचं दार बंद केलं. खालच्या झडपेचं हँडल हलेना, तेव्हा ती त्यावर अक्षरशः लोंबकळली. खाली बसलेल्या मॅलकीच्या ओठांवर दहा सूचना आल्या होत्या. त्याने एकही दिली नाही.

पाणी उतरू लागलं. ओल्या भिंतींमधून बोट खाली खाली जाऊ लागली. काठावरच्या खुंटाला वेढा घालून आलेली दोरी मॅलकीच्या हातात होती. बोट उतरेल तशी ती सैल सोडत राहावं लागतं, नाहीतर बोट भिंतीला लटकते. हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण काठावरून वाकून डिम्फना बघत होती.

"मॅलकी, दोरी सोड."

"सोडतोय."

थोड्या वेळाने पुन्हा, "सोडतोयस ना?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. दोरी सरकत होती.

"सोडतोय गं," तो वर बघून म्हणाला. "तू विचारत राहा."